साहेब येईपर्यंत उपग्रह थांबवा

आमच्या जिल्ह्याच्या उपग्रहाचं लोकार्पण व्हायचं होतं, म्हणून तो बंद होता.

बंद म्हणजे बिघडलेला नव्हे. चांगला ठणठणीत होता. गणपती गेल्यावर त्याला वर सोडलं, तेव्हापासून तो सौरपंख पसरून, दर दीड तासाला एक अशा फेऱ्या पृथ्वीभोवती मारत होता. समुद्रावरच्या होड्यांच्या हाका ऐकणं हे त्याचं काम, आणि त्याला सगळं ऐकू येत होतं. ऐकलेलं पुढे सांगायची मुभा मात्र नव्हती, कारण पालकमंत्र्यांनी अजून बटण दाबलेलं नव्हतं.

बांधून पूर्ण झालेल्या पुलावर वर्षभर आडवे बांबू लावलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना यात काही नवल वाटणार नाही. रुग्णालयांचंही तसंच होतं. खाटांवरचं प्लास्टिक साहेबांच्या तारखेपर्यंत निघत नाही. उपग्रह सोडणं एखादा बरा ट्रॅक्टर घेण्याइतकं स्वस्त झालं आणि प्रत्येक जिल्हा परिषदेला एकेक उपग्रह मिळाला, तेव्हा हीच शिस्त अवकाशातही लागू झाली. आमच्या उपग्रहाला नाव द्यायचं ठरलं, तर तीन पक्षांनी तीन नेत्यांची नावं सुचवली आणि तिघांनी मोर्चे काढले. शेवटी त्याचं नाव 'जिल्हा उपग्रह क्रमांक एक' असं ठरलं. जणू क्रमांक दोन वाटेवरच होता.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. जिल्ह्यात कक्षा हा शब्द ज्ञानेश्वरीतला नाही हे ठाऊक असलेला मी एकटाच निघालो असेन. मला प्रतिनियुक्तीवर उपग्रहाचा प्रमुख केलं. कार्यालय बियाण्यांच्या जुन्या गोदामात, बंदराला लागून. छपरावर एक तबकडी अँटेना, आत एक संगणक आणि साहेबांच्या फोटोची चौकट.

माझं घराणं गाबितांचं, समुद्रावर जगणारं. मी शिकलो आणि फळ्यापाशी गेलो. थोरला भाऊ दिगंबर, आमचा दादा, 'गौराई' नावाची होडी घेऊन समुद्रावरच राहिला. नवं यंत्र जिल्ह्यात सगळ्यात आधी त्याच्या होडीवर बसलं, कारण मी बसवलं. लाल बटण दाबलं की उपग्रहाला हाक जाणार, उपग्रह होडीची जागा तटरक्षक दलाला कळवणार.

"आणि ता वर ऱ्हवता कसा? खाली पडणा नाय?" दादाने विचारलं. तो जाळं विणत होता.

"पडतं. सारखं पडतच असतं."

दादाने सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं. मास्तरकी करून भावाच्या डोक्यावर परिणाम झालाय, असा त्याला संशय पूर्वीपासून होता.

मग मी त्याला सड्यावर, समुद्रावरच्या उघड्या कातळमाळावर नेऊन सांगितलं. इथून समुद्राकडे दगड फेकला तर तो थोडा पुढे जाऊन पडतो. जोरात फेकला तर आणखी पुढे. दगडाचं स्वतःचं म्हणणं एवढंच, की मला एकदा ढकललंत ना, आता सरळ जाऊ द्या. याला जडत्व म्हणतात. पृथ्वीचं म्हणणं, माझ्याकडे ये. हे गुरुत्वाकर्षण. आता समज, तो दगड सेकंदाला साडेसात किलोमीटर या वेगाने फेकला, आणि तोही इतक्या उंचावरून की अडवायला हवा जवळपास नाहीच. एका सेकंदात तो चार-साडेचार मीटर खाली पडेल, एखादा तरणा माड असतो तेवढा. पण पृथ्वी गोल आहे. साडेसात किलोमीटर पुढे गेल्यावर जमीनही नेमकी तेवढीच खाली वळलेली असते. म्हणजे पडला, पण जमीन होती तेवढीच लांब. पुढच्या सेकंदाला तेच. जडत्व नसतं तर सरळ डोक्यावर आला असता. गुरुत्वाकर्षण नसतं तर सुटलेल्या गोफणगुंड्यासारखा सरळ निघून गेला असता. दोघांच्या भांडणात तो फिरत राहतो.

दादाने एक दगड उचलून समुद्राकडे फेकला.

"म्हणजे ता पडता," तो म्हणाला, "पण पोचणा नाय."

वर्गात पंचवीस वर्षं शिकवून मला हे एवढ्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

"आणि बटान दाबल्यार हो कोण दिसता? माझ्या होडयेत कित्याक हात जोडून बसलो हा?"

यंत्राच्या पडद्यावर साहेबांचा हसरा फोटो होता. खाली ओळ होती: सेवा लवकरच आपल्या चरणी.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण नवी सेवा येणार म्हणून बंदरावरचा जुना वायरलेस मनोरा आधीच भंगारात काढला होता. भंगारात काढायला लोकार्पण लागत नाही. एक क्रेन पुरते. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की मोबाइल मुका होतो. तिथून पुढे आता होडीवाल्याजवळ एक लाल बटण आणि साहेबांचा नमस्कार, एवढंच होतं.

पहिलं लोकार्पण दिवाळीनंतर ठरलं. बंदरावर मांडव, बँड, पाचशे खुर्च्या. मंचावर फुलांनी मढवलेली पेटी आणि तिच्यावर ते बटण. सेवा सुरू करायचा आदेश त्या बटणातूनच जायचा, तशी खास जोडणी कंपनीकडून करून घेतली होती. दुसऱ्या कुणाच्या हातून पुण्य घडायला नको. आदेश पोचायला उपग्रह आमच्या डोक्यावर हवा, आणि तो संध्याकाळी एकदाच नीट डोक्यावरून जाई, पाचसात मिनिटं. खेरीज सूर्य नुकताच बुडालेला असल्यामुळे तो चांदणीसारखा चमकताना दिसे. साहेबांनी बटण दाबलं आणि आकाशात चांदणी निघाली, असं दृश्य ठरलं होतं.

चांदणी वेळेवर निघाली. साहेब दोन गावं मागे एका सलूनचं उद्घाटन करत होते.

पाचशे माणसांनी मान वर करून उपग्रह जाताना पाहिला. मग साहेबांचे स्वीय सहायक खानविलकर माझ्याकडे आले. खानविलकरांचा सदरा कधी चुरगळत नाही आणि आवाज कधी चढत नाही.

"मास्तर, गेला ना तो?"

"गेला."

"थांबवायचा होता."

मला वाटलं थट्टा आहे. मी हसलो. ते हसले नाहीत.

"खानविलकर, तो थांबत नाही. थांबला तर पडेल. तो पडत नाही याचं कारणच तो धावतोय हे आहे."

"अहो, पंतप्रधानांचं विमान थांबतं. साहेब येईपर्यंत इथे ग्रामदेवतेची पालखी थांबते. तुमचा हा एवढासा डबा थांबत नाही?"

पुढची तारीख ठरली तेव्हा त्यांनी तोडगाही काढून आणला. साहेब साधारण अर्धा तास उशिरा येतात हे गृहीत धरून उपग्रहानेच त्या दिवशी अर्धा तास उशिरा यावं. मागणी अगदीच वेडी नव्हती. उपग्रहाला छोटं इंजिन असतं, थोडं इंधन असतं; काही दिवस आधी हात लावला तर वेळ मागेपुढे सरकवता येते. मी म्हटलं, करू. मागून थोडा ढकलू.

"ढकलू? उशिरा यायला हवाय ना? ब्रेक मारा."

इथे विज्ञानाचा एक तिरपागडा नियम आहे, तो सांगतो. कक्षेतल्या वस्तूला ब्रेक मारला की तिचं पुढे जाणं कमी पडतं, पृथ्वी जिंकते आणि वस्तू खाली घसरते. घसरताना, घाट उतरणाऱ्या गाडीसारखा, तिचा वेग उलट वाढतो. खालची वाट मुळात आखूड, त्यात वेग जास्त. मग फेरी लवकर संपते. म्हणजे ब्रेक मारलात तर उपग्रह लवकर येतो. उशिरा यायला हवा असेल तर त्याला पुढे ढकलायचं. तो वर चढतो, तिथे मंदावतो, लांबच्या वाटेने सावकाश येतो.

हे मी खानविलकरांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा फळ्यावर.

"मास्तर," ते शांतपणे म्हणाले, "तुमचं बरोबर असेल. पण मी साहेबांना काय सांगू? तुम्ही थांबवायला सांगितलात म्हणून आम्ही पळवला?"

"हो. तसंच सांगा."

"असं साहेबांना सांगत नसतात."

त्यांनी उपग्रह बनवणाऱ्या कंपनीला परस्पर फोन लावला. कंपनीतल्या पोरांना नियम ठाऊक होता, पण ग्राहकाला नाही म्हणायचं नसतं हाही नियम ठाऊक होता. ब्रेक मारला गेला.

उपग्रह लवकर येऊ लागला.

"कमी पडला वाटतं ब्रेक," खानविलकर म्हणाले. "अजून मारायला सांगतो."

"अहो, इंधन संपेल! ते त्याला वर टिकवण्यासाठी असतं. इतक्या खाली हवेचा थोडा का होईना अडथळा असतो, रोज तो आणखी खाली ओढला जाईल, शेवटी पेटेल."

"तो नंतरचा विषय झाला. आधी लोकार्पण तर होऊ द्या."

दुसऱ्यांदा ब्रेक मारला गेला. इंधनाची टाकी रिकामी झाली. उपग्रह आणखी खाली आणि आणखी लवकर.

दुसऱ्या लोकार्पणाच्या दिवशी मी दुपारपासून मांडवाच्या मागे संगणक घेऊन बसलो होतो. सकाळपासून मतलई वारा सुटला होता, जमिनीकडून समुद्राकडे, खुर्च्यांची कापडं उडवणारा. वहिनी धावतच आली. शैलावहिनी उगीच धावणारी बाई नव्हे.

"भावजीनू, तेंचो फोन लागणा नाय. बाकीच्यो होडयो इल्यो. गौराई नाय इली."

मी पडद्याकडे पाहिलं. उपग्रहाने पहाटेच्या फेरीत ऐकलेल्या हाका तिथे येत असत. सेवा सुरू नसल्यामुळे त्यांना हाका म्हणत नसत, 'चाचणी' म्हणत. फक्त यंत्राचा क्रमांक दिसे. होडीची जागा उघड करण्याचा भाग लोकार्पणापर्यंत कुलूपबंद होता. पडद्यावर एकच चाचणी होती. क्रमांक मी स्वतः बसवलेल्या यंत्राचा होता.

मी तटरक्षक दलाला फोन केला. पलीकडचा अधिकारी तत्पर होता.

"होडी नेमकी कुठे आहे, सर?"

"अरबी समुद्रात."

"जरा आणखी नेमकं?"

मला आणखी नेमकं सांगता येत नव्हतं. सांगू शकणारा एकटा उपग्रह होता, आणि तो आणखी थोड्याच वेळात डोक्यावर येणार होता. साहेबांच्या वेळेच्या बराच आधी, कारण त्याला थांबवण्यासाठी दोनदा ब्रेक मारलेला. त्याच्या पुढची फेरी पार पश्चिमेकडून जाणार, आमच्या तबकडीला दिसणारच नव्हती; तोवर पृथ्वी आम्हाला घेऊन पूर्वेकडे सरकलेली असते. म्हणजे आता नाही तर थेट पहाटे. आणि मतलई वारा बंद इंजिनाची होडी पहाटेपर्यंत कुठे नेतो, हे वहिनीला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

मी खानविलकरांना गाठलं. ते मंचावरच्या खुर्च्यांवर नावं चिकटवत होते.

"बटण आत्ता दाबावं लागेल. होडी अडकलीय. चार माणसं आहेत, माझा भाऊ आहे."

"अरेरे," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. "साहेब निघालेत. घाटात आहेत."

"उपग्रह घाटात नाहीये. तो येतोय."

"मास्तर, मी काय म्हणतो, साहेबांच्या हस्तेच झालं आणि लगेच चार जीव वाचले, तर किती छान दिसेल बघा. जरा धीर धरा."

या वाक्यावर मला काय वाटलं ते सभ्य मराठीत लिहिता येत नाही. राग म्हणावा, तर पंचवीस वर्षांत कॉपी करणाऱ्या पोरांवर केलेल्या सगळ्या रागाची बेरीज त्याच्या जवळपासही येत नव्हती. या माणसाला गुरुत्वाकर्षण कळलं नाही, याचा नव्हे. ते पुष्कळांना कळत नाही. समुद्रात माणूस असतो, हे त्याला मंचावरून दिसत नव्हतं.

आकाशात वायव्येला चांदणी निघाली. पाचशे माना वर झाल्या. बँडवाल्यांना कुणीतरी चुकून इशारा केला आणि त्यांनी स्वागतगीत सुरू केलं. मी मंचावर चढलो. मध्ये लाल फीत होती. ती तोडायची माझी हिंमत झाली नाही, इतका मी सरकारी नोकर अजून होतो. मी वाकून तिच्या खालून गेलो. फुलं बाजूला केली. बटण दाबलं.

"अहो! अहो मास्तर! त्यांना धरा!" खानविलकरांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला.

दोन हवालदार आले, पण त्यातला एक बंदरावरचाच होता, त्याने मला दंडाला धरून हळूच विचारलं, "दिगूदादा काय?" मी मान हलवली. त्याने पकड सैल केली आणि मला संगणकापर्यंत सोडलं. चांदणी माथ्यावर होती. पडद्यावर 'चाचणी' हा शब्द पुसला गेला आणि त्या जागी अक्षांश-रेखांश आले. वहिनीने आकडे पाहिले, आणि तिला त्यातलं काही कळत नसूनही तिने फोन माझ्या हातात दिला.

अधिकाऱ्याला मी आकडे वाचून दाखवले. "आता नेमकं आहे, सर," तो म्हणाला. "निघालो."

साहेब आले तेव्हा दादाची होडी तटरक्षक दलाच्या जहाजामागे दोराला बांधून परत निघाली होती. कुणीतरी ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी हात जोडले, अगदी फोटोतल्यासारखे. मग त्यांचं लक्ष फितीकडे गेलं.

"फीत शाबूत आहे," खानविलकर लगबगीने म्हणाले. "म्हणजे तांत्रिकदृष्ट्या लोकार्पण झालेलं नाही, साहेब."

"पण सेवा सुरू झाली म्हणताय ना? सुरू असलेल्या गोष्टीचं लोकार्पण कसं करणार?"

प्रश्न बिनतोड होता. पहाटेच्या फेरीत कंपनीने सेवा बंद केली, म्हणजे ती रीतसर सुरू करता यावी.

मला निलंबित करण्यात आलं. कारण, शासकीय समारंभाचा भंग. चौकशीत मी म्हटलं, चार माणसं वाचली. चौकशी करणारे गृहस्थ दयाळू होते. ते म्हणाले, सेवा अधिकृतपणे सुरूच नव्हती, तर तिच्यामुळे कुणी वाचलं असं म्हणता येत नाही. तुम्ही ते म्हणू नका, तुमच्याच हिताचं आहे.

दादा चार दिवस होडीचं इंजिन उघडून बसला होता. पाचव्या दिवशी सड्यावर येऊन बसला.

"इंजन बंद पडला, मी बटान दाबलंय," तो म्हणाला. "तर हो माका नमस्कार करी होतो. लाट येय, होडी आडवी होय, आणि हो हसता. पोरा माका विचारतत, दादा, कोणी ऐकला काय? मी काय सांगतलंय? म्हटलंय, ऐकता तो. सांगणा नाय, पण ऐकता."

मी त्याला उपग्रहाचं पुढे काय होणार ते सांगितलं. दर फेरीला तो थोडा खाली येत होता. कुणाला वाटेल वेग कमी झाला म्हणून पडतोय; प्रत्यक्षात तो पूर्वीपेक्षा वेगाने धावत होता, आणि तरीही पडत होता, कारण खालची हवा त्याच्या कमाईतला वाटा दर फेरीला कापून घेत होती. वर ढकलायला इंधन नव्हतं.

माघातल्या एका संध्याकाळी तो गेला. मी, दादा आणि वहिनी, आम्ही तिघांनी तो किनाऱ्यावरून पाहिला. क्षितिजापाशी एक केशरी रेघ उमटली, तिचे तीन तुकडे झाले आणि विझले. वाळूवर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"पोचला," दादा म्हणाला.

तिसरं लोकार्पण त्यानंतर आठवड्याने झालं. कंपनीने कळवलं होतं, की लोकार्पण करायला आता वर काही नाही. पण ते खानविलकरांना कळवलं होतं, आणि असं साहेबांना सांगत नसतात. त्या दिवशी साहेब वेळेवर आले. फीत कापली, बटण दाबलं, फुगे सोडले. बंदरावरच्या यंत्रांचे पडदे मोबाइलच्या मनोऱ्यावरून बदलले गेले: सेवा आपल्या चरणी रुजू. फोटो तोच.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे धक्क्यावर उभा राहू लागलो. निघणाऱ्या प्रत्येक होडीला सांगायचो, वर काही नाही, बटणावर विसंबू नका. बहुतेकांनी ऐकलं. काहींनी मात्र पडद्याकडे बोट दाखवलं. तिथे तर सुरू आहे असं लिहिलंय, आणि मी निलंबित माणूस.

मग एके सकाळी दादा भंगारवाल्याच्या टेंपोतून उतरला. मागे बंदराच्या मनोऱ्यावरचा जुना वायरलेस संच होता, वर गंजलेला एरियल. भंगारवाल्याने तो मोडला नव्हता, त्याच्यावर पत्रे ठेवले होते, एवढंच. मी आणि बंदरावरच्या एका इलेक्ट्रिशियनने तो उघडला, तारा बदलल्या, एरियल दादाच्या माडीवर बांधला. वाडीतल्या होड्यांवरचे जुने संच माळ्यावरून उतरले. आता सकाळी वहिनी बसते, दुपारनंतर मी.

आमच्याकडे कुणी चौकशीला आलेलं नाही. येऊ नये म्हणून आम्ही त्याला नाव दिलेलं नाही, फलक लावलेला नाही, नारळसुद्धा फोडलेला नाही. त्याचं लोकार्पण झालेलं नाही, म्हणून तो चालू आहे.

आत्ता हे लिहितोय तेव्हा वहिनी संचाला तोंड लावून बसली आहे.

"गौराई, गौराई. खय आसात?"

खरखर. वारा. मग दादाचा आवाज, नेमका:

"दीपगृहाच्या भायर. येतंय. जेवान वाढ."